गळ्यातला आवाज बोटांत

मुलांनो, जॅझ कानावर पडलं की आपलं लक्ष आधी सॅक्सोफोनकडे जातं, नाहीतर ड्रमकडे. पण मागे कुणीतरी सावकाश ‘धुम्... धुम्...’ करत असतो, तो ऐकलाय कधी? ते वाद्य म्हणजे डबल बास. डोक्याहून उंच, चार जाड तारांचं. व्हायोलिनचा आजोबाच म्हणा ना! जॅझमध्ये ते बहुधा गजाऐवजी बोटांनी छेडतात.

चार्ली हेडन हा असाच एक बासवादक. जन्म १९३७चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेनन्डोआ गावचा. (गावाचं नाव लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.) घरचे सगळे रेडिओवर लोकगीतं गायचे. चार्लीही दोन वर्षांचा व्हायच्या आधीच त्यांच्यात गाऊ लागला. ‘काउबॉय चार्ली’ म्हणायचे त्याला! पंधराव्या वर्षी मात्र त्याला पोलिओने गाठलं. पोलिओची लस आली १९५५ साली, म्हणजे त्यानंतर. पोलिओ म्हटलं की आपल्याला पाय आठवतात. चार्लीच्या घशाच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंवर परिणाम झाला. तो बरा झाला, पण गाणं सुटलं. मग बास हाच त्याचा आवाज झाला.

माझं आवडतं पहिलं ध्वनिमुद्रण १९५९चं, ‘लोनली वुमन’. ऑर्नेट कोलमन सॅक्सोफोनवर आहे. सुरुवातीला ड्रम धावत सुटतात, आणि चार्ली? तो अगदी संथ! एकाच वेळी दोन गती. पहिल्यांदा गोंधळायला होतं, दुसऱ्यांदा अंगावर काटा येतो.

हा माणूस नुसता वाजवणारा नव्हता बरं का. १९७१ साली पोर्तुगालमध्ये कार्यक्रम होता. गोव्यावर १९६१पर्यंत ज्यांनी राज्य केलं, तेच हे पोर्तुगाल. अंगोला आणि मोझांबिक तेव्हाही त्यांच्या ताब्यात होते. चार्लीने भर मंचावर आपली एक रचना तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांना अर्पण केली. झालं! पोलिसांनी पकडलं, चौकशी केली, मग सोडलं. हुकूमशाही देशात, परक्या मुलखात असं बोलायला छाती लागते.

घरी शांतपणे ऐकायला ‘बियॉन्ड द मिझुरी स्काय’ घ्या, १९९७चं. पॅट मेथेनीची गिटार आणि चार्लीचा बास, मुख्य हे दोघंच. त्यातली ‘स्पिरिच्युअल’ ही रचना चार्लीच्या मुलाची, जॉशची. चार्ली मोजकेच स्वर वाजवतो. आणखी वाजवता येत असूनही न वाजवणं मला फार अवघड वाटतं. लहान स्पीकरवर मात्र बास नीट ऐकूच येत नाही, तेव्हा इयरफोन लावा.

आणि २००८चं ‘रॅम्बलिंग बॉय’. यात त्याची बायको-मुलं गातात. १९३९च्या रेडिओवरचा चिमुकला काउबॉय चार्लीही यात आहे, त्याचा बोबडा आवाज आधी ऐका. मग एकदम शेवटचं गाणं लावा: ‘ओ शेनन्डोआ’. जन्मगावाच्या नावाचं हे जुनं लोकगीत सत्तरीतला चार्ली स्वतः गातोय. आवाज पातळ आहे, थोडा कापतोही. २०१४ साली चार्ली गेला. हे गाणं मी वर्गात लावलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, परत लावाल?”