साइट उघडत नाही? आधी विचारा

गेल्या महिन्यात नववीच्या तीन मुलांना माझ्यासमोर उभे करण्यात आले. आरोप असा की, संगणक कक्षात त्यांनी शाळेचा प्रॉक्सी चुकवून बाहेरच्या एका फुकट प्रॉक्सीवरून साइट उघडली. कसली साइट म्हणून पाहिले, तर जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांविषयीचा ब्लॉग! प्रकल्प आम्हीच दिलेला, आणि सगळे ब्लॉगही आम्हीच सरसकट बंद करून ठेवलेले.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. कॉलेजात ‘प्रॉक्सी’ म्हणजे मित्राच्या नावाने दिलेली हजेरी, एवढेच ठाऊक होते. संगणकातला प्रॉक्सीही तसाच. आपल्या वतीने तो साइटकडे जातो, पान आणतो, आपल्या हाती देतो. शाळेचा प्रॉक्सी वाटेत चाळणी लावतो. बाहेरचा अनोळखी प्रॉक्सी काय करतो ते कळायला मार्ग नाही. त्याच्या पानातून टाकलेला पासवर्ड तो वाचू शकतो. तिघांपैकी एकाने तिथूनच आपली ईमेल उघडली होती. त्याला त्याच दिवशी पासवर्ड बदलायला लावला. शिक्षा मात्र केली नाही. काही विश्वस्तांना हे रुचलेले नाही, याची मला कल्पना आहे.

पण चूक चाळणीची होती, आणि ती जुनीच आहे. सप्टेंबर २००३ मध्ये केंद्र सरकारने याहूवरील एकच ग्रुप बंद करण्याचा आदेश दिला. तेवढाच अडवणे इंटरनेट कंपन्यांना जमेना, म्हणून अनेकांनी सगळे याहू ग्रुप्स बंद केले. जुलै २००६ मध्ये ब्लॉगांचे तसेच झाले. आजही बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्याने साध्या चाळणीला साइटचे नाव तेवढे दिसते, आतले पान दिसत नाही. एका पानापायी सगळी साइट जाते, आणि सरळ मुलगाही आडवाट शोधतो.

मुलांनो, पडद्यावरचा आकडा वाचत जा. ४०७ म्हणजे प्रॉक्सी तुमचे नाव व पासवर्ड मागतो आहे. ४०३ म्हणजे परवानगी नाकारली. ५०४ म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर आले नाही. तिथे थोडे थांबावे. एकही साइट उघडत नसेल तर आधी केबल पाहा. प्रमाणपत्राची तक्रार दिसली तर संगणकाची तारीख तपासा. जुन्या मशीनमधला सेल संपला की ती मागे जाते.

पालकहो, शाळेत वापरलेला लॅपटॉप घरी चालत नाही म्हणून बाजारात दुरुस्तीला टाकू नका. बहुतेक वेळा तो घरीही शाळेचाच प्रॉक्सी शोधत असतो. सेटिंगमध्ये प्रॉक्सी बंद करा, काम होईल.

सोमवारपासून संगणक कक्षाच्या दाराशी एक वही असेल. साइटचे नाव, ती कशासाठी हवी आणि पडद्यावर काय दिसले, एवढे लिहावे. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपुढे माझ्या सहीने उत्तर मिळेल. नकार असला तर कारणही लिहीन. पहिली नोंद त्या तिघांचीच आहे. तो ब्लॉग आता उघडतो.