मृगाचा मासा आणि माझा दमा



जून उजाडला की आमच्या हैदराबादेत दोन गोष्टी ठरलेल्या. मृग लागला म्हणून मासळी बाजारात उडणारी झुंबड, आणि नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याच्या माशासाठी लागणारी रांग. इथं राहून हे माहीत नसलेला माणूस विरळाच, पण नोकरीसाठी नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बत्तिनी गौड हे इथलं जुनं घराणं. जिवंत, छोट्याशा मरळ माशाच्या तोंडात (इथला कोरमीनु) पिवळसर लेप भरून तो दमेकऱ्याला गिळायला देतात. शाकाहारी असाल तर तोच लेप गुळात. त्याचे पैसे घेत नाहीत. १८४५ साली एका साधूनं ही विद्या दिली असं घराणं सांगतं. लेपात काय असतं ते मात्र गुपित. सलग तीन वर्षं घ्यायचं आणि दर वेळी ४५ दिवस पथ्य पाळायचं. आधी याला सगळे औषधच म्हणत. विज्ञानवादी मंडळींनी हरकती घेतल्या, प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हापासून ‘प्रसादम्’ म्हणतात.

तर हा मासा मी तीनदा गिळलेला आहे. तिसरीत, चौथीत आणि पाचवीत.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे गूळ घेऊन भागलं असतं. पण आजी हटून बसली, "औषधाला कसलं आलंय सोवळं? पोरगं रात्रभर बसून काढतंय." खरंच बसून काढायचो. आडवं झालं की छातीत शिट्टी वाजायची. आई पाठ चोळत राहायची, बाबा दिवा लावून नुसते उभे. मैदानावर एका माणसानं माझं नाक धरलं, तोंड उघडलं आणि मासा आत! घशातून जाताना त्याची शेपटी हललेली मला आजही आठवते. वर्गात महिनाभर माझी वट होती.

सातवीपर्यंत दमा जवळजवळ गेला. आजीनं ही बातमी काचीगुड्यापासून सुलतान बाजारापर्यंत पोचवली. आजी गेल्यावर ते काम आईनं घेतलं. लग्नकार्य असो की गणपती, कोणी खोकलं की आई मला पुढं करायची, "हा बघा, याला आला गुण!"

आता जे कधी कोणी सांगितलं नाही ते सांगतो. माझ्या पाचवीतच आम्ही वाड्यातली खोली सोडली. त्या खोलीच्या भिंतीला बारा महिने ओल असायची, कपाटामागे बुरशी. त्याच वर्षी डॉक्टरांनी सिरप बंद करून रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप सुरू केला. शिवाय बऱ्याच मुलांचा दमा वयात येताना आपोआप कमी होतो. आमच्या कामात एकाच वेळी चार बदल करून बग गेला, तर कोणत्या बदलानं गेला हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. घरात मात्र सगळं श्रेय माशाला गेलं, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. खरं तर मला तो मान आवडायचा.

करोनाची तीन वर्षं हे वाटप बंद होतं. २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि आमच्या तळमजल्यावरच्या काकू निघाल्या. वय ५८, दमा जुना. आईनं माझी कथा त्यांना किती वेळा ऐकवली असेल देव जाणे. काकूंनी श्रद्धेनं प्रसाद घेतला, पथ्य धरलं आणि पथ्यात ‘इंग्रजी औषध’ नको म्हणून रोजचा पंपही कपाटात ठेवून दिला. तसं त्यांना तिथं कोणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं.

गंमत अशी की पहिले काही दिवस त्यांना छान वाटलं. रोजचा पंप श्वासनळीची सूज हळूहळू उतरवतो, त्यामुळे बंद केल्यावर ती चढतेही हळूहळू. जुलैच्या पहिल्या पावसाळी रात्री दीड वाजता त्यांच्या मुलानं आमचं दार वाजवलं. काकूंना वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. एकेक शब्द, मध्ये धाप. निळा पंप शोधला तर रिकामा. गाडीत त्या पुढच्या सीटवर डॅशबोर्डला हात टेकून बसल्या होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सिग्नल तोडले. ऑक्सिजन, नेब्युलायझर, तीन दिवस दवाखाना. पहाटे बाहेरच्या बाकड्यावर त्यांचा मुलगा मला म्हणाला, "दादा, तुम्हाला तर बरं वाटलं होतं ना?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला उत्तर सुचलं नाही.

मी घरगुती औषधांच्या विरोधात नाही. अडुळशाचा काढा आमच्याकडे अजून होतो, आणि कफ पातळ करणारं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्याच द्रव्यावरून तयार झालं आहे. पण त्यासाठी कोणीतरी अडुळशातलं द्रव्य वेगळं काढून तपासलं. माशाच्या लेपाचं तसं काही झालेलं नाही, आणि माझ्या एकट्याच्या गोष्टीनं ते होत नाही. आईला हे समजावताना ती इतकंच म्हणाली, "मग मी खोटं बोलत होते का रे?" ती खोटं बोलत नव्हती. रात्र-रात्र जागून तिनं जे पाहिलं तेच सांगत होती. त्या दिवशी आम्ही दोघं फार बोललो नाही.

२०२४ च्या जूनमध्ये काकू पुन्हा निघाल्या! म्हणे तीन वर्षं पुरी करायची असतात. भांडण्यात अर्थ नव्हता. मीच गाडीनं नेलं, अट एकच – दोन्ही पंप पर्समध्ये आणि रोजचा डोस चुकवायचा नाही. त्यांनी ती पाळली, गूळवाला प्रसाद घेतला आणि वर मलाच चहा पाजला.

रांगेत आमचं मराठी ऐकून नांदेडकडची एक बाई पुढं आली. कडेवर चार-पाच वर्षांचा मुलगा. आईच्या सवयीनं काकू बोलून गेल्या, "यांनी लहानपणी घेतलाय." बाईंनी लगेच विचारलं, "भाऊ, आला का गुण?"

या वेळी मी सगळं सांगितलं. ओल, पंप, वय, काकूंची ती रात्रसुद्धा. काकू शेजारी उभ्या राहून मान हलवत होत्या. बाईंनी ऐकून घेतलं. रात्रभर रेल्वेनं आलेल्या माणसाचा चेहरा होता तो. परत जाणं काही शक्य नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून मुलाचा पंप काढून दाखवला, "मंग हे चालूच ठिवू?"

"चालूच ठेवा. डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत."

त्यांनी पंप परत पिशवीत ठेवला, वरच्या कप्प्यात. मुलगा इतका वेळ माझ्याकडेच बघत होता. हळूच म्हणाला, "काका, मासा चावतो का?"

"नाही रे," मी म्हटलं. "गुदगुल्या करतो."