पोट शांत, तरी हातापायांना मुंग्या

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याचा आजार असलेल्या माणसाला घरचे रोज एकच विचारतात, ‘आज पोट कसं आहे?’ पोट शांत असले की सगळे निर्धास्त होतात. या अंकासाठी बी-१२च्या उणिवेचा विषय निवडला तो या निर्धास्तपणामुळेच.

बी-१२ जीवनसत्त्व रक्तात जाते ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातून, आणि क्रोन्सचा घाला बहुतेकदा तिथेच पडतो. शस्त्रक्रियेत हा भाग २० सेंटिमीटरहून अधिक काढला गेला, तर आहार कितीही चौरस असो, बी-१२ कमी पडण्याचा धोका राहतोच. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते. थकवा येतो, मुंग्या येतात, चालताना तोल जातो आणि आपण वयाला बोल लावतो. आपल्याकडच्या अनेक शाकाहारी घरांत तर मुळात हा साठाच तुटपुंजा. अशा वेळी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या, तर रक्त सुधारलेले दिसते, नसांची हानी मात्र चालूच राहू शकते. मला सर्वांत भीती वाटते ती याची.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व आणि लोह यांबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारा.