लिलावातला ट्रक आणि आपला हिशेब

व्यापारी बंधूंनो, लष्कराच्या लिलावातला ट्रक स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनणारा 'शक्तिमान' १९९६ साली बंद झाला. त्याचे सुटे भाग शोधता शोधता मालक मेटाकुटीस येतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नवे दिसतात, पण रबर कडक होऊन तडकलेले असते. ब्रेकच्या रबरी नळ्यांचेही तेच. आपण मात्र आधी फाळके उंच करतो, रंग देतो. गाठी आम्हा कापडवाल्यांच्या, जीव मात्र ड्रायव्हरचा! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनमानी फेरफारांना मनाई करते. तेव्हा पहिला पैसा ब्रेक-टायरवर, दुसरा कागदपत्रांवर. उरला तर रंगावर. मिस्त्रीची मजुरी कापून वाचवलेला पैसा घाटात दामदुप्पट वसूल होतो.