रजोनिवृत्तीनंतर हार्मोन थेरपी: इशारा हटला, पण धोका संपला का?

रजोनिवृत्तीनंतर घ्यायच्या हार्मोन औषधांवर हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाचा ठळक इशारा असायचा. तो काढण्याचा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. मग इतकी वर्षं बायका उगाच घाबरत होत्या का?

या भीतीचं मूळ २००२ मध्ये आहे. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या महिलांमध्ये स्तनांचा कर्करोग २६ टक्के जास्त आढळला. आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात वर्षाला १०,००० महिलांमागे ८ रुग्ण जास्त होते. शिवाय सहभागी महिलांचं सरासरी वय ६३ होतं.

आज तज्ज्ञ काय सांगतात? साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून १० वर्षांत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी महिलांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. अंगातून गरम वाफा येणं आणि रात्रीचा घाम कमी होतो, हाडांची झीजही मंदावते.

पण हे औषध सरसकट सगळ्यांसाठी नाही. स्तनांचा कर्करोग, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील, तर ते सहसा टाळलं जातं. गर्भाशय असेल तर फक्त इस्ट्रोजेन घेतल्यानं गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. तो इशारा कायम आहे. गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा पॅच किंवा जेलमध्ये कमी असतो.

त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना पाळी कधी थांबली, आधीचे आजार कोणते आणि घरात कुणाला कर्करोग होता का, हे लिहून न्या. निर्णय त्यावरच ठरतो.