महाळुंग्यातील वृद्ध स्थलांतरित : आजार येथे, नोंद गावी

महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे ही चाकणभोवतालची गावे देशाच्या औद्योगिक नकाशावर आली ती वाहन उद्योगामुळे. बजाज ऑटोचा महाळुंगे येथील कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला. फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. तेव्हापासून या पट्ट्याची चर्चा वाहतूक कोंडी, गुन्हेगारी आणि तरुण कंत्राटी कामगार यांच्याभोवतीच फिरत राहिली. मात्र याच चाळींतून आणि भाड्याच्या खोल्यांतून आता साठी ओलांडलेली माणसेही मोठ्या संख्येने राहत आहेत, याची दखल धोरणकर्त्यांनी पुरेशी घेतलेली नाही.

हे वृद्ध दोन प्रकारचे आहेत. पहिला वर्ग येथेच म्हातारा झालेल्या कामगारांचा. १९९९ मध्ये पस्तिशीत आलेला कामगार आज साठीपलीकडे गेला आहे. दुसरा वर्ग मुलामागून आलेल्या आई-वडिलांचा. मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू शेती परवडेनाशी झाली, जोडीदार गेला किंवा नातवंडे सांभाळायला कोणी हवे म्हणून ते आले. उत्तर प्रदेश-बिहारकडील कुटुंबांचीही हीच कथा आहे.

गावात या माणसांना ओटा होता, पार होता, ओळखीचे डॉक्टर होते. येथे दहा बाय दहाची खोली आहे. मुलाची रात्रपाळी असली की दिवसा त्याची झोप मोडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाने बाहेर जाऊन बसायचे. बाहेर चाकण-तळेगाव रस्त्यावर अवजड वाहनांची अखंड रांग, त्यामुळे सकाळचे फिरणेही जोखमीचे. परप्रांतातून आलेल्या वृद्धेला डॉक्टरांपुढे दुखणे सांगण्यासाठीही मुलाच्या सुटीची वाट पाहावी लागते.

या वयातील बहुतेक व्याधी रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी आणि मोतीबिंदू या स्वरूपाच्या असतात. त्यांपैकी पहिल्या दोहोंना शस्त्रक्रिया नव्हे, तर रोजची गोळी आणि नियमित तपासणी लागते. नेमकी तीच स्थलांतरात तुटते. गावाहून आणलेल्या गोळ्या संपतात, जुना कागद हरवतो, त्रास होत नाही म्हणून औषध थांबते. पुढे पक्षाघात किंवा हृदयविकार ओढवला की मुलाची वर्षभराची शिल्लक एका आठवड्यात संपते.

योजनांची वानवा आहे असे म्हणता येणार नाही. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादाही दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. परंतु ही संरक्षणे मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. महिन्याच्या गोळ्यांचा प्रश्न त्यांनी सुटत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले, ही मोलाची गोष्ट. पण महापालिकांची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिली.

उत्पन्नाचीही तीच गत आहे. ई-श्रम नोंदणीला वयाची मर्यादा ५९ वर्षांची. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा हवी. कंत्राटदार बदलत राहिलेल्या आणि जुनी खाती जोडून न घेतलेल्या कामगाराच्या हाती ती भरतेच असे नाही. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये मिळतात ते मूळ तालुक्यातून आणि त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचे तिकीट माफ आहे, नांदेड-लातूरपर्यंतच्या प्रवासाची दगदग माफ नाही.

मूळ दुखणे मोजणीचे आहे. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साधारण हजारांमागे एक आशा सेविका, असे निकष आहेत. त्यासाठी हाताशी असलेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ हा आहे. मधल्या दीड दशकात येथे उभ्या राहिलेल्या चाळी या हिशेबात नाहीत. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यासाठी घरमालकाकडून मागितली जाते. आरोग्य केंद्रासाठी मात्र ती कोणी मागत नाही. संशयापोटी माणूस मोजला जातो, सेवेसाठी मोजला जात नाही, ही विसंगती दूर व्हायला हवी.

त्यासाठी नवी योजना आखण्याची गरज नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या रक्तदाब-मधुमेहाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम अस्तित्वात आहे. आशा सेविकांकडून भरले जाणारे त्याचे अर्ज भाड्याच्या खोल्यांपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि तपासणीची वेळ पाळ्यांच्या वेळा पाहून ठरली पाहिजे. पत्ता गावचा असला तरी महिन्याची गोळी येथे मिळाली पाहिजे.

दुसरी वाट कारखान्याच्या फाटकातूनच जाते. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला राज्य विमा योजना लागू होते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तीत बाह्यरुग्ण उपचारांसह वैद्यकीय लाभ मिळतो. पण त्यासाठी कुटुंबाच्या नोंदीत त्यांची नावे असावी लागतात. कामगाराला कामावर घेताना ती भरून घेणे हे कंत्राटदाराला आणि मुख्य कंपनीलाही सहज शक्य आहे. पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून पती-पत्नींसाठी हा लाभ पुढे चालू ठेवता येतो, हेही निरोप देतानाच सांगितले गेले पाहिजे.

महाळुंग्याने हजारो तरुणांना काम दिले. ते तरुण येथेच म्हातारे होणार आणि आपल्या म्हाताऱ्यांनाही येथे आणणार, हे गृहीत धरूनच यापुढील नियोजन करावे लागेल. ज्या गावात घाम गाळला, त्या गावाच्या आरोग्य नोंदवहीत आपले नाव असावे, एवढीच ही अपेक्षा आहे.