खडखडणारी मोटार आणि दुरुस्तीचा हक्क

मोटार म्हातारी झाली असे आपण ज्या दिवशी म्हणू लागतो, त्या दिवशी तिचे इंजिन बहुधा शाबूत असते. ब्रेक लागत असतात, दिवे पेटत असतात, धुराचे प्रमाणपत्रही मुदतीत असते. मात्र दाराच्या आतल्या बाजूची रेक्झिन लावलेली फळी, जिला गॅरेजच्या भाषेत दाराचा पॅड म्हणतात, ती एका कोपऱ्यातून सुटलेली असते आणि खड्ड्याखड्ड्याला खडखडत असते. छताचे अस्तर लोंबून मागच्या माणसाच्या डोक्याला टेकत असते. मग 'आता ही काढा' असा घरात घोष सुरू होतो, आणि अजून पाच-सात वर्षे सहज चालली असती अशी मोटार भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभी राहते. मोठ्या रोगाने गाड्या मरतात त्याहून अधिक गाड्या या किरकोळ खिळखिळेपणाला कंटाळून टाकून दिल्या जात असाव्यात, अशी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. हा विषय वरकरणी क्षुल्लक दिसतो. परंतु वस्तू वापरावी कशी, दुरुस्त करावी कोणी आणि टाकावी केव्हा, या आजच्या मोठ्या प्रश्नाचे टोक या सुटलेल्या फळीशीच येऊन मिळते.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी तपासणीत उतरली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपये झाले. उलटपक्षी, जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत घातल्याचा दाखला आणणाऱ्याला नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद झाली. म्हणजे मोडणाऱ्याला बक्षीस आणि सांभाळणाऱ्याला भुर्दंड, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे. धूर ओकणारी, ब्रेक न लागणारी गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण जी गाडी तपासणीत उतरते, तिचा मालक तिला का टाकतो, याचा विचार या धोरणात कोठेच आढळत नाही. तपासनीस पाहतो ते ब्रेक, दिवे आणि धूर. मालक रोज पाहतो ती फळी आणि अस्तर. गाडीचे आयुष्य कागदावर पहिल्या परीक्षेत ठरते, प्रत्यक्षात ते दुसऱ्या परीक्षेत संपते.

ही फळी सुटते का, हे एकदा समजून घेतले पाहिजे. मोटारीचे दार म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. काच खाली-वर व्हावी म्हणून तिच्या माथ्यावर फट ठेवावीच लागते. त्या फटीला बाहेरून रबरी पट्टी असली, तरी पावसाचे पाणी काचेवरून ओघळत दारात शिरतेच. कारखानदाराने हे गृहीत धरलेले असते. म्हणून दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात, आणि आतला पत्रा व फळी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. जुन्या गाड्यांतील फळी हार्डबोर्डची, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंची. तिच्या कडेने खाचा, त्या खाचांत क्लिपा, आणि क्लिपा पत्र्याच्या भोकांत दाबून बसवलेल्या. जोवर प्लॅस्टिकचा कागद अखंड आहे आणि तळाची भोके मोकळी आहेत, तोवर ही व्यवस्था वर्षानुवर्षे टिकते.

ती बिघडते ती पहिल्या दुरुस्तीच्या वेळी. काच अडकली म्हणून कोणीतरी दार उघडतो, घाईत तो कागद टराटरा फाडतो, आणि काम झाल्यावर परत लावण्याचे कष्ट घेत नाही. तळाची भोके धुळीने आणि पालापाचोळ्याने बुजलेली असतात. कोकणात वा मुंबईत चार महिने पाऊस कोसळतो; दारात साचलेले पाणी आणि ओल थेट हार्डबोर्डला भिडते. बोर्ड फुगतो, वाकतो, क्लिपेभोवतीची खाच भुसभुशीत होऊन फाटते. क्लिप पत्र्यात अडकलेलीच राहते, फळी मात्र सुटते. दोष फळीत दिसतो, त्याचे मूळ पाण्यात असते. त्याच पाण्याने दाराचा तळही गंजत असतो, ही गोष्ट तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

यावर आपल्याकडे सर्रास दोन उपाय होतात. पहिला म्हणजे फळीच्या दर्शनी भागातून सरळ स्क्रू मारणे. स्क्रूची लांबी चुकली तर आत उतरणाऱ्या काचेला किंवा तिच्या यंत्रणेला तो लागतो; आणि पत्र्याला पडलेल्या नव्या भोकातून गंजाला नवी वाट मिळते. दुसरा उपाय म्हणजे भरपूर रबरी गोंद चोपडून फळी पत्र्याला चिकटवून टाकणे. तीन-चार महिने ती बसते. पुढे काच बिघडली की फळी निघता निघत नाही आणि काढताना तुटते. दोन्ही उपायांत आजचा आवाज बंद होतो आणि उद्याची दुरुस्ती अशक्य होते. ज्या दुरुस्तीने पुढची दुरुस्ती अडते, तिला दुरुस्ती म्हणणे हे शब्दाशी केलेले अन्यायाचे वर्तन होय.

खरी दुरुस्ती अवघड नाही, फक्त तिला क्रम आहे. फळी कोपऱ्याला धरून ओढायची नाही. चपटी पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ सारून एकेक क्लिप उचलायची. तळाची भोके तारेने मोकळी करायची, गंज खरवडून रंगाचा हात द्यायचा. जाड प्लॅस्टिकचा नवा कागद कापून चिकट पट्टीने चारही बाजूंनी बसवायचा आणि त्याची खालची कड अशी ठेवायची की ओघळलेले पाणी दाराच्या आतच पडावे. फाटलेल्या खाचेमागे पातळ प्लायचा तुकडा चिकटवून त्यात नवी खाच करायची. बोर्ड अगदीच गेला असेल तर त्याच मापाची प्लायची फळी कापून जुने रेक्झिन तिच्यावर ताणायचे. पत्रा आणि फळी जेथे एकमेकांना घासतात तेथे नमद्याची पट्टी लावायची, आणि शेवटी नव्या क्लिपा. अनुभवी कारागिराच्या हाती हे काही तासांचे काम आहे.

छताच्या अस्तराची गोष्ट थोडी निराळी. अँबॅसडर व फियाटच्या काळात ते तारांच्या कमानींवर ताणलेले असे. पुढे साच्यातील बोर्डावर फोमच्या थरासह कापड चिकटवण्याची पद्धत आली. उन्हाने आणि दमटपणाने तो फोम आतून विरघळल्यासारखा होऊन त्याची पूड होते. गोंद कमी पडला असे समजून लोक वरून पुन्हा गोंद लावतात. पण गोंद धरणार कशाला? धरण्याजोगे काही उरलेलेच नसते. बोर्ड खाली उतरवून जुन्या फोमचा कण न् कण घासून काढणे आणि नवे कापड चढवणे, याला पर्याय नाही.

मग हे सरळ काम सरळपणे का होत नाही? कारण पुष्कळदा त्या गाडीची क्लिपच मिळत नाही. क्लिप म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी, काही रुपयांची वस्तू. पण तिचा क्रमांक सामान्य गॅरेजला ठाऊक नसतो. ती सुटी न देता संपूर्ण फळीच घ्या असे सांगितले जाते. आणि प्रतिकृतीचे उत्पादन थांबून काही वर्षे लोटली की फळीही मिळेनाशी होते. सुट्या भागांवरील ही पकड नवी नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातील स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हाच त्यातील मुख्य आक्षेप होता. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले, ते स्वाभाविकही होते. परंतु आयोगाने बोट ठेवलेला रोग खरा होता, हे कोणताही गॅरेजवाला सांगेल. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, आणि तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोटारी होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. माहिती उपलब्ध करून देण्याचे ते पाऊल स्वागतार्हच आहे. पण माहिती मिळाली आणि क्लिप मिळाली नाही, तर फळी खडखडतच राहणार.

कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. प्रतिकृती बदलत राहतात, प्रत्येक जुन्या गाडीच्या प्रत्येक भागाचा साठा किती काळ करावा, असे त्या विचारतात. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. साच्यातून निघणारी मोठी फळी वीस वर्षे गोदामात ठेवा असे कोणी म्हणत नाही. पण क्लिपांचे आकार प्रमाणित करण्यात, त्यांचे क्रमांक उघड करण्यात आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीच्या फळ्यांची मापे लहान कारखानदारांना खुली करण्यात कोणते संकट आहे? फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्यांच्या दुरुस्तीक्षमतेचा गुणांक छापणे सक्तीचे केले. सुटे भाग मिळतात की नाही आणि केवढ्याला मिळतात, याचे गुण त्यात धरले जातात. धुलाईयंत्राबाबत जे शक्य झाले ते मोटारीबाबत अशक्य ठरू नये.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. जुन्या गाडीत आजच्या संरक्षक सोयी नसतात, हे मान्य. नव्या गाड्यांत तर काचेशेजारच्या खांबांच्या आवरणाखाली हवेच्या पिशव्या दडलेल्या असू शकतात. तेथे मनास येईल तशी क्लिप, स्क्रू वा गोंद वापरणे धोक्याचेच आहे. परंतु यातून दुरुस्ती नको असा निष्कर्ष निघत नाही. योग्य क्लिप आणि योग्य माहिती सर्वांना हवी, असाच निघतो. जेथे चुकीची दुरुस्ती घातक आहे, तेथे खरी दुरुस्ती अडवून धरणे हे दुप्पट बेजबाबदारपणाचे आहे.

मुंबईला हे निराळे सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीने या शहराची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून कित्येक दशके सेवा केली. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. गाडीचे उत्पादन त्याच्या कितीतरी आधी थांबले होते. तरीही दिवसरात्र धावणाऱ्या त्या गाड्यांच्या बैठका पुन्हा शिवल्या जात, छताला नक्षीदार रेक्झिन चढे, दाराच्या फळ्या नव्याने कापल्या जात. हे शक्य झाले ते दोन गोष्टींमुळे: गाडीची रचना कारागिराला उलगडेल अशी होती, आणि गल्लोगल्ली तो कारागीर होता. त्या टॅक्सीचा धूर आणि गैरसोयी यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ते हातचे कसब तिच्याबरोबर मोडीत निघाले, तर तो तोटा पत्र्याच्या भावाने भरून येणार नाही.

हा कुशनवाला वा रेक्झिनवाला कारागीर बहुधा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. इंजिन खोलणाऱ्याला जी प्रतिष्ठा मिळते, ती फळी बसवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. आपणही त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मग त्याने गोंद चोपडला म्हणून कुरकुरतो. चांगल्या कामाला वेळ लागतो आणि वेळेला दाम लागतो, हे ग्राहकानेही एकदा मान्य केले पाहिजे.

तेव्हा मागणे फार मोठे नाही. मोडीत काढण्याच्या धोरणाला सांभाळण्याच्या धोरणाची जोड द्यावी. तपासणीत उतरलेल्या गाडीच्या मालकाला वाढत्या शुल्काने दमवू नये. क्लिपा, पट्ट्या, आवरणे असे लहान भाग सुटे विकण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कारागिरीला इंजिनाच्या बरोबरीचे स्थान द्यावे. नवी गाडी बनवायला लागणारे पोलाद, प्लॅस्टिक आणि वीज आकाशातून पडत नाही. आणि मोडीत गेलेल्या गाडीचा पत्रा वितळवता आला, तरी एकमेकांना चिकटलेले फोम, रेक्झिन आणि बोर्ड वेगळे करून पुन्हा वापरणे सोपे नाही. काही रुपयांच्या क्लिपेअभावी लाखांची वस्तू टाकून देणाऱ्या समाजाने स्वतःला काटकसरी म्हणवून घेऊ नये. आपल्या आजी-आजोबांनी गोधड्या शिवल्या त्या केवळ गरिबीमुळे नव्हे. हाती आलेल्या वस्तूचे आयुष्य पुरते झाल्याशिवाय तिला निरोप द्यायचा नसतो, ही समज त्यांना होती. तेवढी समज सरकारला, कारखानदाराला आणि आपल्याला आली, तर पुष्कळ गाड्यांची खडखड आपोआप थांबेल.